रुग्णालयातील कंत्राटी कर्मचाऱ्यांची वेतनाची मोहीम: सुरुवात पगाराच्या स्लिपपासून

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात एकाच वॉर्डात, एकाच पाळीत दोन मामा, म्हणजे वॉर्डबॉय, मिळून एकच स्ट्रेचर ढकलत असतात. त्यांपैकी एक कायम असतो आणि दुसरा कंत्राटदाराचा, आणि महिनाअखेरीस दोघांच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमांत मोठी तफावत असते. ही तफावत सर्वांना ठाऊक असली, तरी ती जोवर कागदावर आकड्यांत मांडली जात नाही, तोवर व्यवस्थापनाच्या लेखी ती केवळ कुरबुर असते. म्हणून वॉर्डबॉय, आया, सफाई कर्मचारी, तंत्रज्ञ किंवा परिचारिका यांची संघटना बांधू पाहणाऱ्यांनी पहिले दोन महिने घोषणांवर नव्हे, तर स्लिपा जमा करण्यावर खर्च करावेत.

प्रत्येक पाळीतून आणि प्रत्येक हुद्द्याच्या निदान चार-पाच जणांच्या, मागील सहा महिन्यांच्या स्लिपा घ्याव्यात. नाव व क्रमांक झाकून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात आणि मूळ प्रत ज्याची त्याला त्याच दिवशी परत द्यावी, कारण स्लिप हरवली की विश्वासही हरवतो. अनेक ठिकाणी स्लिप दिलीच जात नाही. अशा वेळी बँकेचे पासबुक आणि मस्टरवरील हजेरी यांवरून हिशेब मांडावा लागतो. डबल ड्युटीची नोंद तर मस्टरवर बहुधा नसतेच. आमच्या रुग्णालयातल्या एका मावशींनी घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटीत, प्रत्येक डबल ड्युटीसाठी लाल फुली मारून ठेवली होती. अकरा महिन्यांच्या त्या फुल्या पाहिल्यावर, तोवर ‘असे काही होतच नाही’ म्हणणारा सुपरवायझर गप्प बसला. अशी नोंद आजपासूनच प्रत्येकाने ठेवावी.

जमा झालेल्या स्लिपांवर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, किमान वेतन. रुग्णालयांतील कामासाठी राज्य शासन अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा श्रेणींनुसार दर ठरवते आणि महागाईनुसार विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, बदलतो. जुलैची वाढ कंत्राटदार सोयीस्करपणे विसरतात. श्रेणीही पाहावी, कारण प्रशिक्षित तंत्रज्ञाला अर्धकुशल दाखवून पैसे वाचवणे ही जुनी युक्ती आहे. दुसरी, कपात. भविष्यनिर्वाह निधीसाठी 12 टक्के कापले गेले असतील, तर ते खरोखर भरले आहेत का, हे निधीच्या ऑनलाइन पासबुकात दिसते. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्डही मिळायला हवे. तिसरी, जादा कामाचा मोबदला, जो नेहमीच्या दराच्या दुप्पट असायला हवा.

महापालिकेच्या किंवा शासनाच्या रुग्णालयात काम असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, 2005 याखाली निविदेची व करारनाम्याची प्रत मागावी. शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे तक्रारीची कहाणी न लिहिता ‘प्रति कामगार मान्य केलेला मासिक दर व त्याची फोड’ एवढेच मागावे. मान्य दर आणि हातात पडणारी रक्कम शेजारीशेजारी लिहिली की द्वारसभेत, म्हणजे फाटकावरच्या सभेत, भाषणाची फारशी गरज उरत नाही. कंत्राटदाराने वेतन थकवले किंवा कमी दिले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे रुग्णालयावर, येते. ‘ठेकेदाराकडे जा’ हे उत्तर म्हणूनच मान्य करू नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, शिवाय आस्थापनेतील 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी असेल ती संख्या. नियुक्तिपत्र देणे आता मालकाला बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी ते एकेकट्याने न मागता एकाच अर्जावर मिळून मागावे. सदस्यत्वाची वर्गणी पावतीशिवाय घेऊ नये.

मागणीपत्र लिहिताना आम्ही जी चूक केली, ती सांगणे आवश्यक वाटते. पहिल्या पत्रात आम्ही अकरा मागण्या लिहिल्या: वेतन, गणवेश, चहा, कपडे बदलायची खोली, ओळखपत्र वगैरे. व्यवस्थापनाने गणवेश, चहा, ओळखपत्रे अशा मागण्या तत्काळ मान्य केल्या, निम्म्या मागण्या मंजूर झाल्याची सूचना फलकावर लावली, आणि वेतनाचा मुद्दा वर्षभर लांबणीवर टाकला. दुसऱ्या पत्रात दोनच मागण्या होत्या, एक मासिक वाढीची आणि दुसरी थकीत फरकाची. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला टपरीवर उभ्या असलेल्या कोणत्याही मावशीला वाढीचा आकडा तोंडपाठ सांगता यायला हवा, ही मागणीपत्राची खरी परीक्षा समजावी.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या हाती एक विशेष आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकांइतके, 100 ते 200 खाटांत त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांत फार तर 25 टक्के कमी आणि त्याहून लहान रुग्णालयात किमान 20,000 रुपये वेतन सुचवले. या शिफारशी आहेत, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. तरीही खाटांची संख्या मागणीपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहावी.

उत्तर न आल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, अर्ज करून समेट अधिकाऱ्यासमोर (मालक व कामगार यांच्यात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) चर्चा मागावी. तिथे प्रत्येक तारखेला तेच तीन-चार प्रतिनिधी जावेत आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. संपासाठी किमान 14 दिवसांची नोटीस लागते आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच ठरतो, हे अनेकांना ठाऊक नसते. रुग्णसेवा असल्याने मेस्मा (अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा) लागू होण्याची शक्यता धरून चालावे. त्याआधी काळ्या फिती लावून काम आणि पाळी सुटल्यावर द्वारसभा हे मार्ग वापरावेत. मोर्चाचे ठिकाण आझाद मैदान असल्यास पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. आयसीयू, अपघात विभाग व प्रसूती कक्ष कोणत्याही आंदोलनातून वगळल्याचे पत्रक नातेवाइकांना द्यावे, कारण आपल्या रुग्णाचे हाल होणार नाहीत याची खात्री पटल्यावरच ते कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतात.

ब्युरोमार्फत, म्हणजे रुग्णांच्या घरी परिचारिका व आया पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, घरोघरी बारा तासांची ड्युटी करणाऱ्यांना मात्र फाटकच नसते. त्यांची भेट लोकलच्या महिला डब्यात होते, आणि तिथे पहिला प्रश्न विचारावा तो ब्युरोच्या कमिशनचा: रुग्णाच्या घरून किती घेतात आणि तुम्हाला किती मिळतात.

करारावर सह्या झाल्या की मिठाई वाटण्याआधी वाढ कोणत्या तारखेपासून लागू होणार आणि फरकाची रक्कम किती हप्त्यांत मिळणार, हे त्यात लिहिले आहे का ते पाहावे. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार जमा व्हायला हवा. त्या दिवशी प्रतिनिधींनी पुन्हा त्याच चार-पाच जणांच्या स्लिपा मागून घ्याव्यात आणि जुन्या छायाप्रतींशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहाव्यात.