नाटकमंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी वही शोधा

मंडळाला पन्नास-पंचाहत्तर वर्षं होतात, स्मरणिका काढायचं ठरतं, आणि इतिहास लिहायला घेणारा पहिला धावतो तो जुन्या नटांकडे. नटांकडे जायचंच आहे, पण नंतर. आधी जमाखर्चाची वही मिळवा. नटाला भाषण पाठ असतं, साल पाठ नसतं. खजिनदाराने मात्र पैसे दिले त्याच रात्री तारीख टाकलेली असते.

कोकणातल्या मंडळाच्या वह्या बहुधा दोन असतात. गावची वही खजिनदाराच्या माळ्यावर किंवा देवळाच्या पेटीत सापडते. दुसरी मुंबईची, गिरगाव-परळ-लालबागच्या गावकऱ्यांच्या खोलीतली. चाकरमान्यांची वर्गणी तिथे जमा होई आणि खर्च इथे पडे, म्हणून एकच वही वाचली तर अर्धंच चित्र दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून रकमा जुळवा. मनीऑर्डरची कुपनं मिळाली तर ती सोडू नका, त्यांवर तारखेचा शिक्का असतो आणि कधीकधी ‘तालमी सुरू करा’ असा दोन ओळींचा निरोपही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं वर्गणीचा आकडा काढून बघा. प्रयोग बंद पडण्याचं कारण ‘तरुणांचा उत्साह कमी झाला’ असं लिहिण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

पेटी पावसाळ्यात उघडू नका. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात, ओढली की शाईसकट सुटतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ बरा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, कसर मऊ ब्रशने झाडा, पण कागद उन्हात वाळत घालू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण ते पुन्हा निघत नाही. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो काढा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक फोटोच्या नावाला द्या. हे पहिल्या दिवशी केलं नाही तर तीनशे फोटोंतून एक पान शोधताना जीव जातो.

वाचताना तीन ठिकाणी चूक होते. जुन्या वह्या मोडी लिपीत असतात. अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा. दुसरं, रुपये-आणे-पै. 16 आण्यांचा रुपया, 12 पैचा आणा. दशमान पद्धत 1 एप्रिल 1957 ला आली, त्यामुळे नुसती ‘4’ ही रक्कम कोणत्या रकान्यात आहे ते बघा. तिसरी चूक सर्वांत जास्त होते, ती शकाची. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत खरं. जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत 79 मिळवायचे. आपले प्रयोग माघी उत्सवात आणि शिमग्यात जास्त, म्हणजे नेमके याच महिन्यांत. शके 1870 चा माघ 1949 मध्ये पडतो, 1948 मध्ये नाही.

आता खर्चाच्या ओळी सावकाश वाचा. गॅसबत्तीचं भाडं, मेंटल, घासलेट, सफेता, काजळ, पडद्यांची बैलगाडी, पेटीवाल्याची बिदागी. किती बत्त्या भाड्याने आणल्या यावरून रंगमंच केवढा होता याचा अंदाज येतो. झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) आणि बांबूंचा खर्च दिसला तर मांडव उभा केला होता. तो नसेल तर प्रयोग देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या खळ्यात झाला असेल, तसं विचारा. बत्तीचं भाडं ज्या वर्षी थांबलं आणि वायरमनचे पैसे सुरू झाले, ते वर्ष ठळक लिहा. वीज आल्यावर नाटकाची वेळ, प्रकाश, आवाज सगळंच बदललं.

हँडबिलावर वार असतो, तारीख असते, साल बहुधा नसतं. ‘शनिवार ता. 14 मे’ हे 1949, 1955, 1960 आणि 1966 या चारही वर्षांना लागू पडतं. मग इतर खुणा बघा. तिथी दिली असेल तर जुन्या पंचांगाशी ताडा. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. मालवण-कुडाळकडच्या गावापुढे ‘जि. सिंधुदुर्ग’ छापलं असेल तर 1 मे 1981 नंतरचा. तळाशी छापखान्याचं नाव असतं, तेही टिपून ठेवा. नाटकाचं नावही उपयोगी पडतं: ‘तो मी नव्हेच’ पहिल्यांदा 1962 मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा कुणी ‘अठ्ठावन्न साली आम्ही केलं’ म्हणालं तर साल चुकतंय, नाटक नव्हे.

एवढं हाताशी आलं की मग म्हाताऱ्यांकडे जा, सोबत हँडबिल आणि फोटो घेऊन. ‘कधी केलंत?’ असं विचारू नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तालमी चालू होत्या का?’ असं विचारा. तो 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, तो अनुभवलेला माणूस सहसा विसरत नाही. पहिली बैठक तासाभराची पुरे, दुसरी आठवड्याने. मधल्या दिवसांत त्यांना आपोआप आठवत राहतं आणि दुसऱ्या बैठकीत खरा माल मिळतो. नक्कल (नाटकाची हाताने लिहिलेली प्रत) कुणी उतरवली, प्रॉम्प्टर कोण, स्त्रीपात्राचं लुगडं कुणाच्या घरून येई, ते परत करताना काय बोलणी बसत, हे सगळं विचारा. पडद्यामागे चहा करणाऱ्या, लुगडी-दागिने देणाऱ्या बायकांची नावं हँडबिलावर कधीच नसतात. ती फक्त याच बैठकांत मिळतील, आणि ती मिळवणं हे मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

प्रत्येक प्रयोगाची एक ओळ करा: तारीख, निमित्त, नाटक, जागा, पात्रं, पुरावा. एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे मिळाले की साल शाईने, एकच असेल तर पेन्सिलने. जुन्या स्मरणिकेतलं साल वाचून कुणी तेच तुम्हाला सांगितलं, तर तो दुसरा पुरावा होत नाही.

वाडीतली भांडणं आणि फुटलेली मंडळं टाळू नका. मंडळ कोणत्या वाडीचं, कुणाला भूमिका मिळत नसे, हेही लिहा. दोन्ही बाजू त्यांच्याच शब्दांत द्या, छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा आणि नाव घालण्याची परवानगी घ्या.

कच्चा मजकूर गणपतीत, चाकरमानी गावात असताना, आरतीनंतर मोठ्याने वाचा. अर्ध्या दुरुस्त्या त्याच रात्री येतात. त्या लिहून घ्यायला दुसरा माणूस बसवा. मूळ वह्या ज्यांच्या त्यांना परत द्या, पोच घ्या, आणि फोटोंच्या तीन प्रती तीन जागी ठेवा: गावात, मुंबईत आणि तालुक्याच्या वाचनालयात.