छत उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी मॅट उचला

इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नका, ते नंतर बघता येतं. आधी सीटमागची मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओल लागली किंवा कुबट वास आला, तर छताच्या कडेने येणारं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या बहुधा पानांनी, मातीने तुंबल्या आहेत. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ मध्ये या नळ्या सीटमागे आहेत. त्या तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग मात्र चकचकीत! म्हणून दाराखाली, मागच्या चाकापुढे बोटाने दाबून पाहाच.

छत स्वतः दोन-तीनदा उघडा-मिटा. विजेवर चालणारं असेल तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. मागची काच प्लास्टिकची असेल तर कडाक्याच्या थंडीत छत दुमडू नका, ती तडकते.

गाडी घेतल्यावर वर्षातून दोनदा त्या नळ्यांत हलक्या हाताने मऊ, लवचीक वायर फिरवा आणि थोडं पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा. कापडी छत ओलं असताना मिटून ठेवलंत, तर बुरशी ठरलेली.