वयात येणाऱ्या स्वमग्न मुलाला समुपदेशकाकडे नेताना

आमचा लेक १५ वर्षांचा, नववीत आहे. लहानपणी थेरपी म्हणजे झोपाळा, मणी ओवणं, उच्चारांचा सराव. तेराव्या वर्षी आवाज फुटला, मिसरूड आली आणि मधल्या सुट्टीत तो शाळेच्या संडासात कडी लावून बसू लागला. तेव्हा आम्ही समुपदेशक शोधायला लागलो.

पहिल्याच फोनवर विचारा, "कमी बोलणाऱ्या मुलांबरोबर तुम्ही कसं काम करता?" आम्ही हे न विचारता गेलो. तिथे त्याला समोर बसवून "तुला काय वाटतं?" असं विचारत राहिले. पाऊण तास तो पंख्याकडे बघत होता. दुसऱ्या ताईंनी कागद पुढे सरकवला. याला एस.टी.च्या वेळापत्रकांचं भारी वेड, म्हणून त्यांनी शाळेच्या दिवसाचं वेळापत्रक करायला सांगितलं. त्याने सगळे तास मांडले आणि मधल्या सुट्टीपुढे लिहिलं, 'रद्द'. दोन वर्षं मी जे विचारत होते त्याचं उत्तर त्या एका शब्दात होतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका.

जाताना घरून एक पान लिहून न्या: मूल कशाने बिथरतं (आमच्याकडे मिक्सर आणि प्रार्थनेचा लाऊडस्पीकर), कशाने शांत होतं, 'नको' कसं सांगतं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मुलाला आदल्या दिवशी त्या जागेचा फोटो दाखवा, किती वेळ बसायचं ते घड्याळात दाखवा. पहिली भेट पंधरा मिनिटांची पुरे.

मग तुम्ही बाहेर बसा. मला हे सगळ्यात जड गेलं, कारण त्याच्या वतीने मीच बोलायची सवय लागली होती. पण या वयात त्याला आईला न सांगायच्या गोष्टीही असणारच. काय गुप्त राहील आणि काय तुम्हाला सांगितलं जाईल, हे त्याच्यासमोरच ठरवून घ्या. जिवाला धोका असेल तर ते गुप्त ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं.

शरीरातल्या बदलांबद्दल आडून बोलू नका. "चांगलं दिसत नाही" यातून आमच्या मुलाला काहीच कळत नव्हतं. "हे फक्त आपल्या खोलीत, दार लावून" हे चित्रासह सांगितल्यावर कळलं. हे त्याच्या बाबांनी सांगितलं, ते बरं झालं.

समुपदेशकांचं म्हणणं वर्गशिक्षकांपर्यंत पोचवा, तेही मुलाला विचारून. आम्ही एकच ओळ दिली: मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू द्या. बाईंनी लगेच मान्य केलं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची धावपळ मात्र नववीतच सुरू करा.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. थेरपीचा काही खर्चही त्यातून मिळतो. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी ओळखून उपचार करणारं, DEIC) असेल तर तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात.

रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. एका रात्री तो झोपल्यावर मी स्वतःसाठीच लावला होता. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या.