दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे: आधी डोकं, मग वर्ड फाइंडर

वर्डल असो, स्क्रॅबल असो नाहीतर पेपरातलं जंबल, पाच-सात अक्षरं समोर आली की बरेच जण लगेच वर्ड फाइंडर, म्हणजे अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी साइट, उघडतात आणि तिथली भलीमोठी यादी बघून अजूनच गोंधळतात, कारण नक्की काय शोधायचंय हेच ठरलेलं नसतं. म्हणून पहिलं काम हेच. फक्त हीच अक्षरं वापरायची आहेत का? की ही अक्षरं हवीतच पण सोबत दुसरी कुठलीही चालतील? की जागा ठरलेल्या आहेत आणि मधली घरं भरायची आहेत, क्रॉसवर्डसारखी? तिन्हीला वेगवेगळी पद्धत लागते.

पहिला प्रकार सगळ्यात मजेचा, त्यामुळे तो नीट बघू. समजा स्क्रॅबलमध्ये हातात ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशा सात टाइल्स आल्या. सातही एका चालीत लावल्या तर ५० पॉइंट जास्तीचे मिळतात, म्हणून इथे घाई करू नका. आधी एस बाजूला काढा, कारण तो जवळपास कशाच्याही शेवटी लागतो. उरलेल्या सहात रिटेन दिसतो, रेटिना दिसतो, त्यांना एस लावला की दोन शब्द तयार. आता एस परत आत घ्या आणि शेवटी ई-आर ठेवून बघा, उरलं एस-टी-ए-आय-एन, म्हणजे स्टेन, झाला स्टेनर. मग शेवट आय-ई-आर करा, उरलं एन-ए-एस-टी, लगेच नॅस्टी आठवतो आणि त्याचा नॅस्टियर होतो. बघा, सात अक्षरं एकदम पकडायला गेलं तर काहीच दिसत नाही, पण शेपूट आधी ठरवलं की उरलेल्या चार-पाच अक्षरांचा शब्द आपोआप समोर येतो. शेवटी ई-डी, ई-आर, आय-एन-जी, ई-एस-टी आणि सुरुवातीला आर-ई, यू-एन, एवढी शेपटं-डोकी लावून बघितली तरी भरपूर काम होतं.

पण ह्यातच एक अडकायची जागा आहे. वरच्या टाइल्समधला एस काढून जी घाला. आय-एन-जी दिसतं म्हणून आपण ते बाजूला काढतो, उरलं टी-ई-ए-आर, टिअरिंग सापडला, छान. मात्र त्याच सात अक्षरांत ग्रॅनाइट आहे, इनग्रेट आहे, आणि आय-एन-जी शेवटीच चिकटवून ठेवलं तर हे दोन्ही कधीच दिसणार नाहीत. म्हणून एक शब्द मिळाला की ती जोडी मोडा आणि अक्षरं पुन्हा पसरा. कागदावर करत असाल तर अक्षरं ओळीत न लिहिता गोल लिहा, ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडेच वाचत राहतो.

आपल्या लोकांना इथे एक फायदा आहे. डी-एच, जी-एच, टी-एच-आय अशी अक्षरं आली की धोती, घाट, लाठी, घी हे स्क्रॅबलच्या यादीत चालतात, रोटी, पुरी, सारी, लाख, क्रोरसुद्धा. क्यू आहे आणि यू नाही म्हणून टेन्शन घेऊ नका, क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो, एफ-ए-क्यू-आय-आर फकीर चालतो, तलाकही चालतो. क्यूचे एकट्याचे १० पॉइंट असतात, तो हातात धरून बसायचं काही कारण नाही.

दुसरा प्रकार वर्डलचा. पाच अक्षरी शब्द, सहा संधी, आणि समजा कळलंय की आर, ए, एल आत आहेत पण जागा माहीत नाहीत. मनात येतील तसे शब्द टाकण्यापेक्षा साचे लिहा. शेवट आर-ए-एल केला तर रूरल, व्हायरल, मॉरल, कोरल. शेवट ए-आर केला तर सोलर, पोलर, लुनार. मध्ये ए-आय धरला तर ट्रेल, फ्लेअर. शेवट ए-आर-ई केला तर ग्लेअर, ब्लेअर आणि तसाच ऐकू येणारा पण वेगळ्या अर्थाचा दुसरा फ्लेअर. मग ग्रे झालेली, म्हणजे उत्तरात नसलेली, अक्षरं ज्यात आहेत ते शब्द खोडायचे, आणि उरलेल्यांतून असा निवडायचा की ज्यात नवीन अक्षरं जास्त तपासली जातील. नुसता एस लावून झालेलं अनेकवचन तिथे उत्तर म्हणून सहसा येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तिसऱ्या प्रकाराला सरळ वनलुक ही शब्द शोधायची वेबसाइट वापरा. माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि किती अक्षरं आहेत तेच माहीत नसेल तर तिथे स्टार, बस.

ज्यांना स्वतःची यादी हाताशी हवी त्यांनी एनेबल नावाची फुकट वर्डलिस्ट उतरवून घ्या, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द आहेत, एक्सेलच्या एका कॉलममध्ये आरामात बसतात. फिल्टर लावून कंटेन्स निवडा आणि सुरुवात सगळ्यात दुर्मिळ अक्षरापासून करा. झेड आणि ई दोन्ही हवे असतील तर आधी झेड, यादी झटकन लहान होते, ती नवीन शीटवर कॉपी करून पुढचं अक्षर फिल्टर करा. एकच अक्षर दोनदा हवं असेल तर मात्र त्या अक्षराच्या मध्ये स्टार टाका, जसं एस, स्टार, एस, नाहीतर एकच एस असलेले शब्दपण येत राहतील.

आणि फाइंडर वापरलाच तर त्याची डिक्शनरी कुठली आहे ते सेटिंगमध्ये बघा. स्क्रॅबलची अमेरिका-कॅनडाची शब्दयादी वेगळी आणि बाहेर बऱ्याच ठिकाणी चालणारी कॉलिन्सची वेगळी, सी-एच हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकन यादीत नाही. मित्रांबरोबर खेळत असाल तर कुठली यादी धरायची ते पहिली टाइल ठेवायच्या आधीच ठरवून टाका.