मोरीच्या सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा

पाच माणसांच्या घरात आंघोळ, धुणं, भांडी मिळून रोज साधारण ३०० लिटर सांडपाणी निघतं, असं धरून ते साफ करणाऱ्या वाफ्याची ही मापं दिली आहेत. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

१२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट खोल चर खणा. तळाला पाणी बाहेर पडण्याच्या बाजूकडे दीड इंच उतार द्या. तळावर दोन इंच वाळू आणि त्यावर ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लास्टिक कागद. काळ्या मातीत नुसता चोपलेला तळ चालत नाही, उन्हाळ्यात भेगाळतो. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट ४० मिमी खडी, मध्ये २० मिमी; सगळी मिळून एक ब्रास (१०० घनफूट). टेम्पोतून थेट ओतू नका, कागद फाटेल. आणि खडी धुऊनच भरा! भुकटीने मधल्या पोकळ्या बुजतात आणि पाणी तर तिथेच साफ होतं. बोटाला बुळबुळीत लागणारा जो थर खडीवर नि मुळांवर धरतो, त्यातले जिवाणू घाण खातात. कर्दळ मुळांवाटे त्यांना थोडी हवा पुरवते, नत्र-स्फुरद स्वतः उचलते. पाणी आत तीनेक दिवस थांबतं.

बाहेरचा पाइप तळातून काढून त्याला एल्बोने उभा तुकडा जोडा. तुकडा कलता केला की आतली पातळी उतरते. झाडं रुजल्यावर पाणी कायम खडीच्या माथ्यापासून चार इंच खाली हवं. वर दिसलं की डास आलेच.

फुटाफुटावर कंद लावा, ४५ पुरतात. मुळं धरेपर्यंत दोन-तीन आठवडे पातळी खडीलगत ठेवा, मग हळूहळू उतरवा.

बहुतेक वाफे बिघडतात ते तेलकटपणामुळे. म्हणून आधी ५० लिटरचा झाकणाचा ड्रम बसवा आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून टी (T आकाराचा जोड) लावून खालचं तोंड पाण्यात बुडतं ठेवा. तेलाची साय वर अडते, खरकटं तळाशी. दर आठवड्याला दोन्ही काढा. तरीही वाफ्याच्या तोंडाशी पाणी तुंबून वास आला, तर पहिली दीड फूट खडी उपसून धुवा.

फुलून गेलेले दांडे बुडापासून कापा, नाहीतर उचललेलं खत कुजून परत पाण्यात जातं. कापलेलं कंपोस्टला चालतं. रंगाचं किंवा बॅटरीचं पाणी मात्र वाफ्यात कधीच नको, त्यातले धातू झाडात साठतात. बाहेर पडणारं पाणी नारळ-केळीला द्या, पालेभाजीला नको.