बाग शेतीत मोडते की रहिवासीत?
घरासोबत मागची मोठी बाग पण मिळतेय म्हणून खुश होण्याआधी एक करा, खरेदीखतातला प्लॉट नंबर घ्या आणि प्लॅनिंग ऑफिसच्या झोनिंग नकाशात (कुठली जमीन शेतीसाठी, कुठली रहिवासासाठी ते दाखवणारा नकाशा) शोधा, बऱ्याच ठिकाणी तो ऑनलाइनच असतो. कुंपण कुठंय ते नका बघू, झोनची रेघ कुठून जातेय ते बघा, कधीकधी ती बागेच्या मधूनच जाते, म्हणजे झोपाळा रहिवासीत अन् लिंबाचं झाड शेतीत! नुसतं लॉन लावलं, बाकडं टाकलं म्हणून शेतजमीन काही रहिवासी होत नाही. आणि झोन रहिवासी दिसला तरी जमिनीच्या रेकॉर्डला अजून शेतीच लागलेली असू शकते, तेव्हा दोन्ही चेक करा. एजंट काय, "होऊन जाईल" म्हणतोच. शेड वगैरे बांधायची असेल तर ऑफिसातनं लेखी दाखलाच काढा.