एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) वाढवताना या चुका टाळा: नाग नदीला पुढे वर्षानुवर्षे त्रास देणाऱ्या गोष्टी

नागपूरच्या नाग नदीला उन्हाळ्यात स्वतःचे पाणी जवळपास नसतेच. अंबाझरी तलावाच्या पुढे मार्च ते मे जे वाहते ते शहराचे सांडपाणी. काही शुद्ध केलेले, काही तसेच. नदी पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, तिथून वैनगंगा आणि गोसीखुर्दचा जलाशय. म्हणजे भांडेवाडीच्या एसटीपीत झालेल्या चुकीचा हिशेब भंडारा जिल्ह्यात लागतो.

टाक्या आधी, गटारलाइन मागून

सगळ्यात महागडी चूक हीच. १०० एमएलडीचा (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) प्रकल्प उभा राहतो, पण घरांच्या जोडण्या आणि ट्रंक लाइन (मुख्य गटारवाहिन्या) अपुऱ्या असल्याने ४० एमएलडीच पोचते. उरलेले नाल्यातून थेट नदीत जाते आणि कागदावर क्षमता वाढलेली दिसते. इकडे टाकीत घाण खाणारे जिवाणू उपाशी राहतात, गाळाचे बारीक कण सुटे होऊन पाण्याबरोबर बाहेर पडतात. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे पंखे) मात्र ठरलेल्या किमान वेगाखाली जात नाहीत. एसटीपीच्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा हवा देण्याचा असतो, त्यामुळे पाणी निम्मे आणि बिल जवळपास पूर्ण.

उपाय साधा आहे: चार टाक्या असतील तर दोनच चालवा, बाकीच्या लोड वाढेल तशा सुरू करा. निविदेतच लहान-मोठे ब्लोअर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) मागून घ्या. नंतर बसवणे कुणाला परवडत नाही.

अर्धवट भरलेली मोठी लाइन आणखी एक घाव घालते. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ तळाशी बसून सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पाइपच्या माथ्यावरच्या ओलाव्यात जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. चेंबरचे झाकण उघडून वरच्या काँक्रीटवर स्क्रू-ड्रायव्हर घासून पाहा: पांढरट लगदा निघाला तर पाइपचा माथा आतून खाल्ला जातोय. पुढे तो खचला की सांडपाणी जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी बिघडतात.

पावसाचे पाणी गृहीत न धरणे

नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. गच्चीचे पन्हाळे गटारात सोडलेले, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीखाली. मग एका सरीत प्रवाह दुप्पट-तिप्पट होतो आणि टाकीतला जिवंत गाळच नदीत वाहून जातो. तो परत वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळातले पाणी मळकेच सुटते. जूनआधी झाकणे उचलून घ्या, आणि कोरड्या दिवसाचा व पावसाळी दिवसाचा प्रवाह वेगवेगळा नोंदवा.

फक्त बीओडी बघणे

२०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) २० आणि निलंबित घनपदार्थ ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा आहे. त्यात अमोनिया किंवा फॉस्फरसचा आकडाच नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बीओडी १० पर्यंत आणायला सांगितले. पण जलाशयात जलपर्णी फोफावते ती नायट्रोजन-फॉस्फरसवर. पाणी काचेसारखे दिसले तरी ती थांबत नाही. गोसीखुर्दसारख्या साठलेल्या पाण्यात फॉस्फरस तळाच्या गाळात बसून राहतो आणि आवक बंद केल्यावरही वर्षानुवर्षे परत सुटत राहतो. म्हणून विस्तारात ॲनॉक्सिक टप्पा (हवा न देता नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणे) आणि फॉस्फरस काढायची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

अमोनियाचे नायट्रेट करताना एक किलो अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ किलो ऑक्सिजन आणि ७.१४ किलो क्षारता (पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद) खर्च होते. लिटरमागे ३५ मिलिग्रॅम अमोनिया काढायचा म्हणजे सुमारे २५० मिलिग्रॅम क्षारता गेली. ती ७० च्या खाली आली की पीएच घसरतो आणि प्रक्रिया अडखळते. ॲनॉक्सिक टप्पा नीट चालला तर त्यातली निम्मी परत मिळते, चुनाही वाचतो. हवा मात्र मोजून द्या. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे १.५ ते २ मिलिग्रॅम पुरे. अर्धवट हवेत नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे.

निदानासाठी एक लिटरचे मोजपात्र पुरते. टाकीतले मिश्रण भरा, ३० मिनिटांनी गाळ किती मिलिलिटरवर बसला ते बघा. ३०० मिली आणि एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचे प्रमाण) लिटरमागे ३००० मिलिग्रॅम असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो) १००, ठीक. ६०० मिली आले तर २००: गाळ फुगतोय, डीओ आणि लोड तपासा. पात्र तसेच ठेवा. तासाभरात बसलेला गाळ बुडबुड्यांसह गोळ्यागोळ्यांनी वर आला तर क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) नायट्रेटचा वायू होतोय. मे महिन्यात, पाणी ३० अंशांच्या पुढे असताना, हे फार लवकर घडते. गाळ जास्त वेळा बाहेर काढा, ॲनॉक्सिक वेळ वाढवा. क्लोरीन वाढवून काही होत नाही.

गाळाला जागा न ठेवणे

बीओडी २०० धरला तर १०० एमएलडीमागे रोज सुमारे १५ टन कोरडा गाळ, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून (गाळ फिरवून पाणी काढणारे यंत्र) २० टक्के घन भागासह निघणारा ७५ टन ओला गाळ. दहा टनी डंपरच्या सात-आठ फेऱ्या, रोज! वाळवण्याचे वाफे पावसाळ्यात कामाचे नाहीत. जागा संपली की गाळ टाकीतच साठवला जातो, एमएलएसएस वाढत जातो आणि एक दिवस तो आउटलेटमधून निघतो. कारण शोधायला सगळे ब्लोअरकडे धावतात. यांत्रिक निर्जलीकरणाची किमान एक जादा मशीन आणि छपराखाली पंधरा दिवसांचा साठा ठेवा.

संत्र्याच्या बागेत टाकण्यापूर्वी जड धातू तपासा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियम किलोमागे ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. धातूचा मुलामा देणाऱ्या एखाद्या प्लेटिंग वर्कशॉपचे पाणी गटारात आले तर हे आकडे मोडतात, आणि धातू मातीतून परत निघत नाही.

सगळेच पाणी वीज केंद्राला देणे

पुनर्वापर चांगलाच. भांडेवाडीचे शुद्ध पाणी कोराडीच्या केंद्राला जाते, तेवढे पेंच धरणाचे पाणी वाचते. २०१६ च्या वीजदर धोरणाने ५० किलोमीटरच्या आतल्या एसटीपीचे पाणी वापरणे औष्णिक केंद्रांना बंधनकारकच केले आहे. कूलिंग टॉवरला पाठवताना अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. नाहीतर एक मिलिग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम क्लोरीन जाते आणि तांब्याच्या नळ्या झिजतात. फॉस्फेट राहिले तर नळ्यांवर थर बसतो.

पण सगळेच उचलले तर एप्रिल-मेमध्ये खालच्या पात्रात उरते फक्त न शुद्ध झालेले नाल्यांचे पाणी, तेही पातळ न होता. म्हणून करारात उन्हाळ्यात नदीत सोडायचे किमान पाणी लिहून घ्या, आणि त्याचा मीटर एसटीपीच्या मुख्य आउटलेटवर नाही, नदीत जाणाऱ्या पाइपवर बसवा.